‘बंद’ नाही, ‘थकीत’ म्हणा: मुलींच्या बचतखात्यांबद्दल खुलं पत्र

प्रति,
अल्पबचत योजनांचे नियम ठरवणारे आणि शाखाशाखांमधून त्या चालवणारे सर्व अधिकारी

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या चाळीच्या जिन्यात एका ताईंनी मला थांबवलं आणि दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेलं एक पासबुक हातात दिलं. “वहिनी, हे फाडून टाकलं तर चालेल का हो? आधार नंबर आहे आत, म्हणून कचऱ्यात टाकायला भीती वाटते.” पासबुक सुकन्या समृद्धीचं, म्हणजे मुलीच्या नावाने उघडायच्या सरकारी बचत योजनेचं होतं. २०१६ मध्ये उघडलेलं, मुलगी तेव्हा तीन वर्षांची. आत नोंदी होत्या: ५००, ५००, मध्येच ३००, गणपतीच्या महिन्यात काहीच नाही, मग दिवाळीनंतर एकदम १,०००. शेवटची नोंद फेब्रुवारी २०२०ची. त्यापुढची पानं कोरी.

ताई चार घरची भांडी-पोळ्या करतात. लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांची फाटकं बंद झाली आणि चारही कामं एका आठवड्यात गेली. २०२१च्या शेवटी दोन घरं परत मिळाली, तेव्हा त्या ५०० रुपये घेऊन शाखेत गेल्या. खिडकीतून उत्तर आलं, “खातं बंद पडलंय तुमचं.” मागे रांग होती. त्या बाजूला झाल्या आणि घरी आल्या. त्यानंतर पुन्हा त्या शाखेची पायरी चढल्या नाहीत.

“बंद पडलं म्हणजे गेले ना पैसे?” त्यांनी मला विचारलं.

पैसे गेले नव्हते. खातं थकीत झालं होतं. वर्षाला किमान २५० रुपये भरायचे असतात, ते राहिले की प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे २५० आणि दंडाचे ५० भरून खातं पुन्हा चालू करता येतं. २०२०-२१ ते २०२४-२५ अशी पाच वर्षं कोरी होती. पाच वर्षांचे मिळून १,५०० रुपये आणि चालू वर्षाचे किमान २५०. एका घरच्या भांड्यांचा महिन्याचा पगार साधारण तेवढाच असतो. २०१९च्या नियमांप्रमाणे थकीत खात्यावरही योजनेच्याच दराने व्याज मिळत राहतं. मी त्यांच्याबरोबर शाखेत गेले, पासबुक छापून घेतलं. भरले होते १९,५०० आणि शिल्लक निघाली ३३ हजारांच्या पुढे. ताईंनी तो आकडा मला दोनदा वाचायला लावला, मग स्वतः बोट ठेवून वाचला.

खिडकीवर ‘बंद’च्या जागी ‘थकीत’ म्हटलं असतं आणि “तीनशे रुपये भरा, चालू होईल” एवढं पुढे जोडलं असतं, तर ही बाई त्याच दिवशी खातं चालू करून घरी गेली असती. त्या एका शब्दापायी तिच्या मुलीच्या खात्यात पुढची चार वर्षं भर पडली नाही. हे मला गप्प बसून बघवत नाही, म्हणून हे पत्र.

मी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे. लालबाग, काळाचौकी, शिवडी या पट्ट्यात २२ वर्षं घरोघर जाऊन आरडीचे (आवर्ती ठेवीचे) हप्ते गोळा करते. आरडीवर आम्हाला ४ टक्के कमिशन मिळतं. सुकन्याच्या खात्यावर एक पैसाही मिळत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण त्याचा परिणाम काय होतो तो बघा. ‘मुलीच्या शिक्षणासाठी’ म्हणून विमा पॉलिसी विकायला माणसं तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून येतात. सरकारच्या खात्याबद्दल सांगायला कोणीही येत नाही, कारण सांगणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. म्हणून सांगायची जबाबदारी तुमची आहे आणि ती कोणीच पार पाडत नाही.

योजनेबद्दल माझ्या मनात आदर आहे, हे आधीच सांगते. २२ जानेवारी २०१५ला हरियाणातल्या पानिपतमध्ये ती सुरू झाली. १० वर्षांखालच्या मुलीचं खातं, वर्षाला २५० पासून दीड लाखापर्यंत कितीही भरा. १५ वर्षं भरायचं, २१ वर्षांनी खातं पिकतं. व्याजावर कर नाही, शेवटी हातात येणाऱ्या रकमेवरही नाही. जानेवारी २०२४मध्ये व्याजदर ८.२ टक्के झाला. नोव्हेंबर २०२४ पर्यंत देशभरात ४.१ कोटींहून जास्त खाती उघडली होती. आमच्या भागातल्या बायकांना करसवलतीशी फारसं देणंघेणं नाही, त्यांचं उत्पन्न कराच्या रेषेपर्यंत पोहोचतच नाही. त्यांना या खात्याचं कुलूप आवडतं. नवऱ्याने मागितले, दिराने मागितले, गावच्या घराचं छप्पर उडालं, तरी “त्या पैशाला हातच लावता येत नाही” असं सांगता येतं. बाईला घरात असं एक वाक्य लागतं, आणि ते या खात्याने दिलं. ते कुलूप ढिलं करा असं मी कुठेही म्हणत नाही. पण त्याची किल्ली कधी, कुणाकडे आणि कशी जाते हे कुलूप लावणाऱ्या बाईला कळायला हवं. ते आज कळत नाही.

आता माझ्या घरातलं सांगते. शाखेचं नाव लिहीत नाही, ती पोस्टाची की बँकेची तेही लिहीत नाही. खिडकीमागे बसलेल्या मुलीवर राग काढून काही साधणार नाही, तिलाही कोणी नीट शिकवलेलं नसतं.

माझ्या मुलीचं खातं योजना निघाल्यावर दोनच महिन्यांत, मार्च २०१५ला उघडलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होत होती. त्या दिवशी मला वसुली होती म्हणून मिस्टर गेले आणि पालक म्हणून त्यांचं एकट्याचं नाव लागलं. फॉर्मवर एकाच पालकाची जागा. महिन्याला १,००० रुपये मीच भरत होते. २०२० मध्ये मिस्टर गेले. मृत्यूचा दाखला, माझी केवायसी, मुलीचा जन्मदाखला, पुन्हा सगळ्याच्या झेरॉक्स, असं करून तिसऱ्या खेपेला पालक म्हणून माझं नाव लागलं. पहिल्या दोन्ही खेपांना वेगवेगळे कागद सांगितले होते. दुःखाच्या दिवसांत माणूस भांडत नाही, मीही भांडले नाही.

मार्च २०२४ला मुलीला १८ पूर्ण झाली. ऑगस्टमध्ये नर्सिंगच्या कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत) तिचं नाव लागलं आणि चार दिवसांत पहिल्या वर्षाची फी ६५,००० रुपये भरा असं कॉलेजने सांगितलं. मी निर्धास्त होते. आधीच्या ३१ मार्चच्या शिल्लकेच्या अर्ध्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते, शिल्लक दीड लाखाच्या वर होती. नियम मला तोंडपाठ आहेत, माझा धंदाच तो आहे. तरीही खिडकीवर मला तीन गोष्टी पहिल्यांदाच कळल्या. १८ पूर्ण झाल्यावर खातं मुलीने स्वतः चालवायचं, त्यासाठी तिची नव्याने केवायसी करायची. तिचं पॅन कार्ड अल्पवयीन असताना काढलेलं, त्यावर फोटो नाही, ते आधी बदलून आणायचं. आणि रक्कम जमा करायला तिच्या स्वतःच्या नावाचं बचत खातं हवं. यातली एकही अट गैर नाही. पैसे तिचे आहेत, सही तिचीच हवी. पण मार्चमध्ये एक मेसेज आला असता तर हे सगळं मे महिन्याच्या सुट्टीत उरकलं असतं.

चौथी गोष्ट मात्र मी आजही मान्य करायला तयार नाही. शाखेने सांगितलं, भरलेल्या फीची पावती आणा. अहो, फी भरलेली असती तर पैसे काढायला कशाला आले असते? प्रवेश निश्चित झाल्याचं पत्र किंवा कॉलेजने फी मागितल्याची स्लिप पुरते, असं नियमात आहे. मी ते सांगितलं. “आमच्याकडे असंच चालतं,” हे उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या बांगड्या गहाण ठेवल्या आणि फी भरली. खात्यातले पैसे हातात आले ४७ दिवसांनी. बांगड्या सोडवायला व्याज गेलं ते गेलंच. मुलगी आज कॉलेजात आहे, म्हणून मी हे शांतपणे लिहू शकते. बांगड्या नसत्या तर तिची जागा पुढच्या राउंडला दुसऱ्या कुणाला गेली असती, आणि खात्यात मात्र पैसे सुरक्षित पडून राहिले असते. शिक्षणासाठी साठवलेले पैसे शिक्षणाच्या दिवशी मिळत नसतील, तर सुरक्षित आहेत याचं समाधान कुणी मानायचं?

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका आजींची गोष्ट वेगळी आहे. २०१७ मध्ये मुलगा दुबईला, सून बाळंतपणाला चिपळूणला, म्हणून नातीचं खातं आजींनी स्वतः पालक होऊन उघडलं. नियमाप्रमाणे आई-वडील किंवा कायदेशीर पालकच खातं उघडू शकतात. आजींना हे ठाऊक नव्हतं आणि शाखेनेही विचारलं नाही. सात वर्षं दर महिन्याला त्यांच्या हातून पैसे घेतले, शिक्का मारून दिला. मग अशी खाती १ ऑक्टोबर २०२४ पासून आई-वडिलांच्या नावे वळवून घ्या असा आदेश निघाला. आदेश बरोबर आहे, मुलीच्या भल्याचाच आहे. पण आजींना तो कळला नोव्हेंबरमध्ये, हप्ता भरायला गेल्यावर, तोही “तुमचं खातं नियमात बसत नाही” अशा शब्दांत. त्यांना वाटलं आपल्यावर केस होणार. दोन रात्री झोपल्या नाहीत. सून एसटीने चिपळूणहून दोनदा आली. पहिल्या खेपेला जन्मदाखल्यावरच्या आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला म्हणून परत पाठवलं. चूक खातं उघडून देणाऱ्या शाखेची होती, आणि हेलपाटे घातले ७१ वर्षांच्या आजींनी आणि त्यांच्या सुनेने.

एक बारीक वाटणारी गोष्टही लिहिते, कारण ती दर महिन्याला घडते. या खात्यावर व्याज मोजताना ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरतात. म्हणजे ५ तारखेपर्यंत भरलं तर त्या महिन्याचं व्याज, नंतर भरलं तर नाही. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार होतो ७ ते १० तारखेला. वर्षानुवर्षं या बायका १० तारखेला भरतात आणि दर हप्त्याचं एका महिन्याचं व्याज सोडून देतात. मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्या आता आधीच्या महिन्यात थोडे बाजूला काढून ५च्या आत भरतात. पासबुकावर ही एक ओळ छापायला किती खर्च येतो?

आणि घरं बदलतात त्याचं काय? आमच्याकडे चाळी पुनर्विकासाला गेल्या. माणसं संक्रमण शिबिरात, तिथून बदलापूरला, विरारला. खातं मात्र लालबागच्याच शाखेत. नव्या पत्त्याचा पुरावा दिला तर बदली फुकट, नसेल तर १०० रुपये, इतकं सोपं आहे ते. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला वाटतं की पत्ता नाही म्हणजे बदलीच नाही, आणि ती हप्ता भरायला एका दिवसाचा खाडा करून लोकलने येते. पुढे येणं थांबतं. मग खातं थकीत होतं आणि कुणीतरी तिला ते ‘बंद पडलंय’ असं सांगतं.

मुलग्यांच्या पीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) खात्यांचंही फार वेगळं नाही. मुलाला १८ पूर्ण झाल्यावर खातं त्याच्या नावे करून घ्यायचं असतं हे आई-बापाला कळतं ते पैसे भरायला गेल्यावर.

तुमच्याकडे आमच्यापर्यंत पोहोचायचं साधन नाही असं म्हणू नका. ३१ मार्च २०२३ला अधिसूचना काढून तुम्ही आमचा आधार मागितला, ३० सप्टेंबर २०२३ ही शेवटची तारीख दिली आणि नाही दिला तर खाती गोठतील असं सांगितलं. तेव्हा आम्ही एजंट दारोदार फिरून सांगत होतो. आधार तुमच्याकडे आहे, मोबाइल नंबर तुमच्याकडे आहे, मुलीची जन्मतारीख तर पहिल्या पानावरच आहे. गॅसचा मेसेज येतो, लाइट बिलाचा येतो. ज्या खात्याला २१ वर्षं कुलूप आहे त्याचा एकही येत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

आर्थिक वर्षात फेब्रुवारी उजाडला तरी काहीच भरलेलं नसेल, तर पालकाच्या मोबाइलवर मराठीत मेसेज पाठवा: २५० भरा. खातं थकीत झालंच, तर किती रुपये भरले की चालू होईल तो आकडा त्या मेसेजमध्ये लिहा. पासबुकावरही छापा. खिडकीवर ‘बंद’ हा शब्द वापरायचा नाही, असं लेखी परिपत्रक काढा.

मुलगी साडेसतरा वर्षांची झाली की तिला आणि पालकाला पत्र पाठवा. कोणते कागद लागतील, पॅन कसं बदलायचं, बचत खातं कसं उघडायचं हे त्यात लिहा. १८ पूर्ण झाल्यावर एकाच खेपेत काम व्हायला हवं.

शिक्षणासाठी पैसे काढण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकाली काढा. कॉलेजची फी मागणीची स्लिप पुरेशी माना, जशी नियमात आहे तशी, आणि त्याची प्रत प्रत्येक शाखेच्या भिंतीवर लावा. सात दिवसांत होत नसेल तर रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात पाठवायची सोय करा. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्या. “असंच चालतं” हे कारण नाही.

खातं उघडतानाच दुसऱ्या पालकाचं नाव पर्यायी म्हणून घ्या. एक गेला तर मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्याचं नाव आपोआप लागावं. विधवेला तीन खेपा घालायला लावू नका.

आजी-आजोबांनी उघडलेली जी खाती अजून वळवायची राहिली आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येक वॉर्डात एक दिवस ठरवा. त्या दिवशी माणूस बसवा, नावातल्या अक्षरांच्या फरकासाठी साधं हमीपत्र चालवा. चूक शाखेची असल्याचं त्यांना आपल्या तोंडाने सांगा. आजींना तेवढंच हवं होतं.

५ तारखेची अट १० तारखेवर न्या. जमत नसेल तर ती पासबुकाच्या पहिल्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरात छापा. महिन्यातून दोन दिवस तरी खिडकी संध्याकाळी ७ पर्यंत उघडी ठेवा, म्हणजे हप्ता भरायला खाडा करावा लागणार नाही.

आणि २०३० येतंय. २०१५ मध्ये उघडलेल्या खात्यांची भरण्याची १५ वर्षं तेव्हा संपतील, पण खाती पिकतील २०३६ मध्ये. मधल्या सहा वर्षांत लोक पैसे मागायला येतील, त्यांना परत पाठवलं जाईल, कुणी पुन्हा समजेल की पैसे बुडाले. त्याची तयारी आतापासून करा. आमच्यासारख्या एजंटांना शिकवा, आम्ही कमिशनशिवाय सांगू. आम्ही तशाही सांगतोच आहोत.

जिन्यातल्या त्या ताईंचं खातं आता चालू आहे. त्यांनी १,७५० रुपये दोन घरच्या ॲडव्हान्समधून भरले. त्यांच्या मुलीला २०३१ मध्ये १८ पूर्ण होतील, आणि त्याच वर्षी त्या खात्यात भरण्याची १५ वर्षंही संपतील. ते दोन्ही निरोप त्यांना वेळेवर आणि मराठीत मिळाले पाहिजेत. त्यांचा मोबाइल नंबर बदललेला नाही, पासबुकाच्या पहिल्या पानावर तुमच्याच माणसाने लिहिलेला आहे.

आपली विश्वासू,
एक बचत एजंट,
लालबाग, मुंबई